डाव्या डोळ्याची घाई

सुगंधा भुवडच्या डाव्या डोळ्यात धुकं शिरलं ते भर उन्हात. खाडीवरच्या नव्या पुलाचं काम चालू होतं आणि ती टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसली होती. खाली पाणी, समोर पुलाचा उंच खांब, हुकाला टांगलेला सळ्यांचा पिंजरा. काचेवर बाष्प धरलं असेल म्हणून तिनं काच पुसली. मग उजवा डोळा मिटून पाहिलं, तर खांब, खाडी, पिंजरा, सगळं राखाडी दुधात विरघळल्यासारखं दिसलं. उजव्या डोळ्याच्या भरवशावर तिनं पिंजरा हळूच जागेवर ठेवला आणि वॉकीवर म्हणाली, "खाली, मी उतरतेय. झुबेरला वर पाठवा."

"खाली" म्हणजे दिगंबर, तिचा नवरा. बोजा बांधणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या खलाशांचा तो मुकादम. काम सुरू झालं तेव्हा तो जमिनीवर उभा असायचा, म्हणून वॉकीवर तो "खाली" आणि ती "वर". पुढं खांब वाढत वाढत केबिनच्या बरोबरीला आला, दिगंबर त्याच्या माथ्यावरच्या अरुंद फलाटावर उभा राहून काम करू लागला, तरी नाव "खाली"च राहिलं. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्न कंपनीनं परस्पर सोडवला, असं तो हसून सांगायचा.

बंदरांवरच्या क्रेन तोपर्यंत संगणकांच्या ताब्यात गेल्या होत्या. पण खाडीच्या तोंडाशी वारा कधी, कुठून फिरेल याचा नेम नसतो. तिथं कंपनीला अजून केबिनमध्ये माणूस लागत होतं. त्या पट्ट्यात असं काम करणारी दोनच माणसं होती, सुगंधा आणि दुसऱ्या पाळीचा झुबेर.

चिपळूणच्या डॉक्टरांनी तिला पुण्याला धाडलं. तिथल्या संशोधन संस्थेत डॉ. उर्मिला चांदोरकर भेटल्या. पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या, आणि काहीही सांगायचं झालं की आधी कागदावर चित्र काढणाऱ्या.

"डोळ्याकडून मेंदूकडे एक दोरी जाते," त्या चित्र काढत म्हणाल्या. "तिच्यात लाखो तंतू असतात. प्रत्येक तंतूवर मायलिन नावाच्या चरबट पदार्थाचं वेटोळं असतं, वायरवर प्लॅस्टिक असतं ना, तसं. पण ते सलग नसतं. थोडं आवरण, मग बारीकशी फट, पुन्हा आवरण. डोळ्याचा संदेश या फटीवरून त्या फटीवर उडी मारत जातो. आवरण गेलं की बिचारा रांगत जातो. वाटेत विरूनही जातो."

"आणि माझं आवरण गेलं कुठं?"

"तुमच्याच रक्षक पेशींनी शत्रू समजून कुरतडलं. तो हल्ला औषधानं थांबलाय. पण गेलेलं आवरण आपसूक पुरतं भरून येत नाही. ते विणणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्या स्वतः विचार करत नाहीत, विचार वाहून नेणाऱ्या तंतूंना आधार देतात. त्या आम्ही इथं वाढवतो."

दंडावरची चिमूटभर त्वचा घ्यायची, तिच्यातल्या पेशींना औषधं देऊन पुन्हा कोवळ्या अवस्थेत न्यायचं, तिथून वळवून मेंदूतल्या आधारपेशी बनवायच्या, आणि तयार झालेल्या पेशी बारीक सुईनं डोळ्यामागच्या दोरीत सोडायच्या, असा तो उपचार होता. तो अजून चाचणीच्या पायरीवर होता, हे चांदोरकरांनी दोनदा सांगितलं. सुगंधाच्या आधी मोजक्याच रुग्णांना तो दिलेला होता.

आपल्या पेशी वाढताना बघायच्यात, असा हट्ट सुगंधानं धरला. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बशीत बारीक पांढरे धागे ताणलेले होते आणि एक पेशी कोळ्यासारखी हातपाय पसरून बसली होती. एकेका हातानं ती एकेक धागा गुंडाळत होती.

"हे धागे म्हणजे मज्जातंतू?"

"नाही, साधं प्लॅस्टिक. मज्जातंतूइतकं बारीक ओढलेलं."

सुगंधानं डोळा वर उचलला. "हा धागा जिवंत नाही, हे तिला कळत नाही?"

"नाही ना!" चांदोरकर लहान मुलीसारख्या खूश झाल्या. "जाडी बरोबर असली की झालं, ती गुंडाळायला लागते. आम्हाला सोयीचंच आहे ते. सगळ्यात लांब, सगळ्यात घट्ट आवरण कोण विणतंय ते आम्ही बघतो, आणि त्याच पेशी निवडून वाढवतो."

सुई टोचली त्या दिवशी दिगंबर बाहेरच्या बाकावर बसून होता. त्याला आत बोलावून चांदोरकरांनी तेच चित्र पुन्हा काढलं. तो मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर सुगंधाला म्हणाला, "मला काय कळलं नाय गो. तुला दिसायला लागलं म्हणजे झालं."

आणि दिसायला लागलं. आधी धुक्याला फिकट कडा आल्या, मग अक्षरं उमटली, मग रंग भरले. पावसाळा सरता सरता कंपनीच्या डॉक्टरांनी तिचे दोन्ही डोळे तपासून कामाला परवानगी दिली. ती केबिनमध्ये चढली तेव्हा झुबेरनं खुर्ची पुसून ठेवलेली होती.

खांबाच्या माथ्याकडचं काम आता राहिलं होतं. पुलाचा रस्ता ज्या केबलींना लटकणार, त्यांची टोकं पकडून ठेवणाऱ्या जाड पोलादी पेट्या एकावर एक बसवायच्या होत्या. सुगंधानं पेटी उचलायची, क्रेनचा लांब आडवा हात फिरवून खांबावर न्यायची, आणि फलाटावर उभ्या दिगंबरनं लोंबता दोर धरून ती नेमक्या जागी ओढून घ्यायची. हात फिरवून थांबवला की पेटी घड्याळाच्या लंबकासारखी आडवी झुलते. झोका विरेपर्यंत धीर धरायचा, मग सोडायची. एवढी वर्षं सुगंधा हेच करत आली होती.

दिवाळीनंतर झोक्यात तिला काहीतरी वेगळं दिसू लागलं. पेटी डावीकडून उजवीकडे येताना जरा जवळून गेल्यासारखी वाटायची, उजवीकडून डावीकडे जाताना जरा लांबून. सरळ रेषेत हलणारी वस्तू अंड्याच्या आकारात फिरायची. तिला भीती वाटली नाही, नवल वाटलं. खाडीवरून घार डावीकडे गेली की खोल आकाशात बुडायची, उजवीकडे वळली की काचेपाशी यायची. कामातून डोकं काढून ती घारी बघत राहायची. इतक्या दिवसांनी दोन डोळ्यांनी बघतोय, होईल सवय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग एके सकाळी पेटी डावीकडे झुलली आणि तिला दिसलं, की ती खांबाच्याही पलीकडे चाललीय. तिच्या हातानं विचार न करता लिव्हर ओढला आणि पेटी आत, आपल्या दिशेनं घेतली. प्रत्यक्षात पेटी कुठंच गेलेली नव्हती, बरोबर खांबावर होती. आत ओढल्यामुळे ती फलाटाच्या कठड्यावर आदळली. लोखंड वाकल्याचा आवाज वॉकीवरून आला, आणि त्यामागून दिगंबरचा.

"वर! काय करतेस? सोड, सोड लिव्हर!"

तिनं हात उचलले. पेटी थरथरत थांबली. दिगंबर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पालथा पडलेला होता. मग तो उठून बसला. दोर सर्रकन निसटल्यानं त्याच्या तळहाताचं सालटं गेलं होतं.

कामाचे प्रमुख इनामदार साहेब धावत आले. दिगंबर त्यांना म्हणाला, "वाऱ्याचा झोत आला, साहेब."

इनामदारांनी वाऱ्याच्या मापकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. पण दिगंबरच्या शब्दाला त्या साइटवर वजन होतं. त्यांनी कठडा बदलायला सांगितला आणि निघून गेले.

घरी सुगंधा त्याच्या हाताला मलम लावत होती. "झोत नव्हता," ती म्हणाली.

"मला काय ठाऊक नाय?"

"पेटी गोल फिरते मला."

तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थोड्याच पेट्या राहिल्यात. पूल होऊ दे, मग काय ते डॉक्टरला सांग. आत्ता सांगितलंस तर तुला खाली उतरवतील. तुला परत वर चढवायला कोण येणार नाय. पुढचा पूल तसाही मशीनच बांधील."

"आणि परत लिव्हर ओढला गेला तर?"

"मी सांगेन ना तुला वॉकीवर. डोळ्यापेक्षा माझ्यावर भरवसा ठेव."

सुट्टीच्या दिवशी ती जेट्टीवर जाऊन बसली. फेरीबोटीच्या कठड्याला बांधलेला टायर दोरीवर हेलकावत होता. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, टायर गोल फिरत होता. डावा डोळा मिटला, सरळ. उजवा मिटला, तरी सरळ. दोन्ही उघडले, पुन्हा गोल. एकेकटा डोळा खरं बोलतो आणि दोघं मिळून खोटं, हे कसं? बोट सुटून पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ती बसून राहिली. मग तिनं फोन काढला आणि चांदोरकरांना लावला. दिगंबरला विचारलं नाही.

चांदोरकरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "उजवीकडे येताना जवळ दिसतो का? नक्की?"

"नक्की."

"उद्या येता?"

सुगंधा पुण्याला पोचली तेव्हा चांदोरकरांनी खोलीच्या छताला दोरी बांधून दोरीच्या टोकाला एक जड लोखंडी नट लटकवून ठेवला होता. शाळेतल्या प्रयोगासारखं. त्यांनी नट आडवा झुलवला आणि सुगंधाला बोटानं हवेत त्याची वाट काढायला सांगितली. तिनं लांबट गोल काढला. चांदोरकरांनी तिच्या डाव्या डोळ्यापुढं काळसर काच धरली.

गोल मिटला. नट सरळ रेषेत येरझाऱ्या घालू लागला.

"अगं बाई!" सुगंधा म्हणाली. काच बाजूला केली, गोल. पुढं धरली, सरळ. चार-पाच वेळा तिनं तेच केलं.

"कमी उजेडात डोळा हळू चालतो," चांदोरकर म्हणाल्या. "या काचेनं मी तुमच्या डाव्या डोळ्याला जरा उशीर करायला लावला, आणि दोन्ही डोळ्यांची वेळ जमली. म्हणजे मुळात डावा घाईत आहे. नट हलत असतो, सुगंधाताई. डाव्या डोळ्याचा निरोप आधी पोचतो, उजव्याचा किंचित मागाहून. त्या किंचित वेळात नट पुढं सरकलेला असतो. म्हणजे दोन डोळे मेंदूला दोन वेगळ्या जागा सांगतात. मेंदू काय करतो? दोन डोळ्यांतला फरक म्हणजे अंतर, एवढंच त्याला ठाऊक. तो म्हणतो, नट जवळ आला असणार. उलटा जाताना म्हणतो, लांब गेला."

"हे कुणाला माहीत होतं आधी?"

"शंभरावर वर्षं झाली. एका जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं याचं कोडं नीट मांडलं. गंमत अशी, की त्याचा एक डोळा गेलेला होता. त्याला स्वतःला हे कधीच दिसलं नाही. दुसऱ्यांनी सांगितलेल्यावर विश्वास ठेवून त्यानं ते समजून घेतलं."

सुगंधाला तो माणूस आवडला.

"पण डावा तर माझा आजारी डोळा. तो हळू असायला हवा ना?"

चांदोरकर तिला सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेल्या. बशीत तेच प्लॅस्टिकचे धागे होते. आवरणं मात्र आता लांबच लांब झाली होती, मधल्या फटी मोजक्याच उरल्या होत्या.

"रात्रभर मी हेच बघत बसले," त्या म्हणाल्या. "या तुमच्याच पेशी. तुम्हाला दिल्या त्यांतल्या उरलेल्या. फटी कमी म्हणजे थांबे कमी. प्रत्येक गावाला थांबणारी एसटी आणि विनाथांबा गाडी, एवढा फरक. मेंदूत आधारपेशी गुंडाळत असते तेव्हा आतला तंतू जिवंत असतो. त्यातून संदेश वाहत असतात आणि पेशी ते ऐकत असते. किती गुंडाळायचं, कुठं थांबायचं, हे बहुतेक तिथूनच ठरतं. आम्ही पेशी वाढवल्या मुक्या धाग्यांवर. त्यांना थांब म्हणणारं कुणी नव्हतं. शिवाय जी थांबत नाही तीच चांगली, म्हणून आम्ही तीच निवडली."

"म्हणजे त्या अजून विणतायत? माझ्या डोळ्यात?"

"मला तसं वाटतं."

 मग चांदोरकर खुर्चीत बसल्या. आज पहिल्यांदाच त्यांनी कागद पुढं ओढला नाही.

"पुढच्या महिन्यात याच पद्धतीच्या पेशी एका शाळकरी मुलीच्या मेंदूत सोडायच्या होत्या. मेंदूत डावा-उजवा असा साधा हिशेब नसतो. हजारो ठिकाणांहून निरोप वेळेवर एकत्र पोचावे लागतात, बोलायला, गिळायला, तोल सांभाळायला. तिथं घाई झाली असती तर ती मुलगी आम्हाला काय सांगणार होती? आमच्या बाकीच्या रुग्णांना वाचता येतं, टीव्ही दिसतो, ते समाधानी आहेत. त्यांची तपासणी आम्ही स्थिर अक्षरांवर केली. तुम्ही दिवसभर झोका बघत बसता, म्हणून हे कळलं. चाचणी मी आजच थांबवतेय."

"आणि माझ्या कंपनीला कळवणार?"

"नाही. तुमचा डोळा ही तुमची खासगी बाब आहे. ते तुम्ही ठरवा. आणखी एक ठरवायचंय, पण त्याची आज घाई नाही. या पेशींना आम्ही एक कळ बसवलेली आहे. एका गोळीनं त्या मरतात. मग धुकं परत येईल. जिवंत तंतूंच्या सोबतीनं नव्या पेशी वाढवायला मी घेते, पण त्या कधी तयार होतील आणि जमतील का, हे आज मला सांगता येणार नाही."

निघताना त्यांनी तिला एक गॉगल करून दिला. बाहेरून दोन्ही काचा सारख्याच काळ्या दिसायच्या. आतून उजवी जवळजवळ स्वच्छ होती आणि डावी गडद. "रस्त्यावर गाड्या नीट दिसाव्यात म्हणून," असं त्या म्हणाल्या. केबिनबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

गॉगल पाहून दिगंबरचा चेहरा उजळला. "मग झालं की! वर उन्हात सगळेच गॉगल घालतात. कोण विचारतंय?"

सुगंधानं गॉगल घातला आणि केबिनमध्ये चढली. पेटी सरळ झुलली. दोन पेट्या तिनं अशा अलगद बसवल्या, की खालच्या खलाशांनी टाळ्या वाजवल्या. वॉकीवर दिगंबरचा आवाज पूर्वीसारखा मोकळा झाला. काही दिवस तिला वाटलं, एवढ्यावर भागेल.

मग एक दुपार मळभाची आली. पेटी हुकाला होती, क्रेनचा हात निम्मा फिरला होता, आणि समुद्राकडून ढग येऊन सूर्य झाकला गेला. पेटी पुन्हा गोल फिरायला लागली. पण या वेळी उलटी. डावीकडे येताना जवळ, उजवीकडे जाताना लांब.

तिला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं. उजेड उतरला तशी गडद काच डाव्या डोळ्याला नको इतकी हळू करत होती. ऊन आलं की वेळ जमणार, ढग आला की मोडणार. आणि आतल्या पेशी विणतच राहणार, म्हणजे आजची काच उद्याच्या उन्हालाही पुरायची नाही. कोडं सुटल्याचा आनंद तिला झाला, खरोखर झाला, आणि लगेच तिची नजर खांबाच्या माथ्यावर गेली. फलाटावर दिगंबर दोर पकडायला हात पुढं करून उभा होता.

तिनं सगळं थांबवलं. झोका विरू दिला. मग पेटी तशीच मागं नेऊन जमिनीवर उतरवली.

"वर, काय झालं? पेटी परत कशाला?"

"खाली, मी उतरतेय. आता परत चढणार नाही."

शिडी उतरून ती थेट इनामदारांच्या कंटेनरमध्ये गेली. डोळा, पेशी, गॉगल, सगळं सांगितलं. कठडा वाकला त्या दिवशी वारा नव्हता हेही सांगितलं, कारण ते वगळून बाकीचं सांगताच येत नव्हतं. तेवढ्यात दिगंबर दारात येऊन उभा राहिला होता.

इनामदारांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि क्रेन चालवायचा तिचा परवाना काढून घेतला. दिगंबरला ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात याचं मला जास्त वाईट वाटतं. शेवटची पेटी तुमच्याशिवाय बसायची नाही म्हणून तुम्हाला ठेवतोय. मुकादम म्हणून नाही."

घरी दोघं बोलेनाशी झाली. भांडण असतं तर बरं, असं सुगंधाला वाटायचं. तो जेवायचा, भांडं घासून ठेवायचा आणि ओटीवर जाऊन बसायचा. एकदाच म्हणाला, "घरात आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं घरात. तुम्ही म्हणालात पूल होऊ दे."

तो भांडं घासायला उठला.

शेवटची पेटी चढवायची ठरली त्या सकाळी सगळं गाव काठावर जमलं होतं. केबिनमध्ये झुबेर होता, माथ्यावर दिगंबर. इनामदारांनी सुगंधाला हातात वॉकी दिला होता. "नुसतं ऐका," म्हणाले होते. ती लोकांपासून जरा बाजूला, एका खडकावर जाऊन उभी राहिली.

पेटी उचलली गेली, वर गेली, आडवी फिरली. सुगंधानं गॉगल काढून पदरात धरला. का काढला, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. शेवटची पेटी तिला आपल्या डोळ्यांनी बघायची होती, ते जसे होते तसे.

झुबेरनं क्रेनचा हात थांबवला आणि पेटी झुलायला लागली. डावा डोळा आता पहिल्यापेक्षा खूपच घाईत होता. पेटी उजवीकडे जाताना काठावरच्या माणसांच्या डोक्यावर येत होती, डावीकडे जाताना खांबामागं बुडत होती. मग झुबेरनं ती पुढं सरकवली, आणि सुगंधाला दिसलं, की पेटी भलामोठा वळसा घालून थेट दिगंबरच्या छातीवर चाललीय. तिचा अंगठा वॉकीच्या बटणावर गेला. घशात हाक आली.

हे खोटं आहे, तिनं स्वतःला सांगितलं. एक निरोप आधी पोचतोय, एक मागाहून. पेटी सरळ आहे. एक डोळा मिटला असता तर ते दिसलंही असतं. पण पेटी दिगंबरवर चाललेली दिसत असताना एक डोळासुद्धा मिटणं तिला जमेना. आत्ता ती ओरडली तर झुबेरचा हात बिचकेल, आणि मग पेटी खरोखरच दिगंबरवर जाईल. पेटी दिगंबरच्या आरपार गेली, पलीकडून निघाली, पुन्हा आली. सुगंधानं बटणावरचा अंगठा उचलला आणि वॉकी दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"वर, सोड," दिगंबरचा आवाज आला. "सोड... सोड... अजून जरा. बस्स."

पोलादावर पोलाद टेकल्याचा आवाज खाडीवरून पसरत आला. काठावर एकच आरडाओरडा झाला.

दिगंबर उतरून आला तो गर्दीतून वाट काढत सरळ खडकाकडे. अंगावरचा सुरक्षेचा पट्टाही सोडलेला नव्हता. तिच्या पदरातला गॉगल त्यानं पाहिला.

"बिनगॉगलची बघत होतीस?"

"हो."

"कशी दिसली?"

"तुमच्या आरपार गेली. दोनदा."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि ओरडली नाहीस?"

"खोटं होतं ते. मला माहीत होतं."

तो तिच्याशेजारी खडकावर बसला. घामानं निथळत होता. दोघं समोरच्या खांबाकडे बघत राहिली. वर झुबेर क्रेनचा हात परत आणत होता आणि रिकामा हुक दोरावर झुलत होता.

"ती गोळी मी घेणार आहे," सुगंधा म्हणाली. "चांदोरकर मॅडमच्या नव्या पेशी बशीत वाढतायत. या खेपेला जिवंत तंतूंवर. त्या वेळेवर थांबल्या की नाही, हे माझ्याइतकं लवकर कुणाला कळणार नाही. त्यांना कुणीतरी पहिलं लागणार. त्या मुलीच्या आधी."

"परत धुकं येईल."

"येईल."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर धुकंच."

 दिगंबरनं हात पुढं केला आणि तिच्या पदरातला गॉगल घेतला. उलटसुलट करून पाहिला, एका काचेतून, मग दुसऱ्या काचेतून. मग डोळ्यांवर चढवला आणि वर झुलणाऱ्या हुकाकडे मान वळवली.

आधी तो नुसताच बघत होता. मग त्यानं खडकाची कड घट्ट पकडली.

"गो," तो हळूच म्हणाला, "हा फिरतोय!"

सुगंधाला पटकन कळलं नाही, मग हसू आलं. त्याचे दोन्ही डोळे धडधाकट, एका वेळेचे. गडद काचेनं त्यातल्या डाव्याला उशीर केला होता.

"कसा फिरतोय? डावीकडे येताना जवळ?"

"डावीकडे... हो. अंगावर येतो आणि मग तिकडून लांबून जातो. आयला!" त्यानं गॉगल काढला, हुकाकडे पाहिलं, पुन्हा घातला. "असं दिसत होतं तुला? केबिनमध्ये बसून?"

"असंच. फक्त उलट्या बाजूनं."

"मला बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

त्यानं मान डोलावली. गॉगल मात्र काढला नाही. खाडीवरून एक घार आली. दिगंबर तोंड उघडं टाकून तिच्यामागं मान फिरवत राहिला, आणि ती जेट्टीकडे दिसेनाशी झाल्यावर म्हणाला, "त्या मॅडमनं चित्र काढलं होतं ना, तंतू आणि फटी. ते काढ बघू परत."

सुगंधानं आजूबाजूला पाहिलं, एक खडा उचलला आणि खडकावर पहिली रेघ ओढली.